वैनगंगेचं पाणी खारं कुठं होतं

बुधवार

धानाचे चुकारे अजून खात्यात आले नव्हते, तरी तिकिटं काढून टाकली. चुकाऱ्यांची वाट पाहत बसलो असतो तर यंदाही जाणं झालं नसतं.

आमचं गाव वैनगंगेच्या काठी, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीपासून जवळ. घरची दोन एकर धानाची शेती, आणि जात ढिवराची, त्यामुळे मासेमारी सोसायटीच्या तलावात आमचं नाव. नदी दारातली, पण समुद्र घरात कुणीच पाहिलेला नाही. बाबा गेले तेव्हा पवनीच्या वैजेश्वर घाटावर राख सोडली. त्यानंतर मायनं दोन-तीनदा विचारलं, "हे पानी जाते कोठी?" मी मोबाईलवर दाखवलं. वैनगंगा खाली जाऊन वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. मायनं नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "म्हंजे समुद्रात गेले तुझे बाबा." पुढं काही बोलली नाही. मग संक्रांत झाली की निघायचं असं मीच ठरवलं.

सोबत मोठ्या बहिणीचा नवरा, म्हणजे भाऊजी, आणि आमच्या शाळेचे निवृत्त गुरुजी. गुरुजींना विशाखापट्टणमजवळचे बौद्ध अवशेष पाहायचे होते. पवनीच्या स्तूपांवर ते पोरांना इतकं सांगत की अर्ध्या वर्गाला पाढ्यांआधी जगन्नाथ टेकडी पाठ झाली होती. भाऊजींना बाकी कशाचं काही नव्हतं, मासे खायचे होते.

गोंदियाहून गाडी. मायनं दशम्या, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि एक किलो चिवडा घेतला होता. रायपूर येईपर्यंत वडे संपले.

गुरुवार

टिटलागडनंतर डोंगर, बोगदे, पुन्हा डोंगर. विजयनगरम आलं तेव्हा ताडाची झाडं दिसू लागली. दुपारी विशाखापट्टणमला उतरलो. लॉजवर थंड हवेच्या खोलीचे पैसे घेतले आणि मशीन बंद. विचारलं तर पोऱ्या हसून खिडकी उघडून गेला. खरं सांगायचं तर खिडकीची हवाच चांगली होती, पण पैसे द्यायचे म्हटले की माणसाला राग येतोच.

संध्याकाळी रामकृष्ण बीचवर गेलो. मायचा हात धरून वाळूत उतरलो. मला वाटलं ती हात जोडेल. तिनं डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्याले धुरा कोठी आहे?"

गुरुजी हसले, पण प्रश्न बरोबर होता. आमच्याकडं पाणी म्हणजे धानाची बांधी, छोटी बोडी, तलाव किंवा नदी. कुठलंही असो, त्याला एखादा धुरा, म्हणजे बांध असतो, पाळ असते, निदान पलीकडचा काठ असतो. बिनधुऱ्याचं पाणी म्हणजे पुराचं पाणी. २०२० च्या ऑगस्टात आमच्याकडं तसं पाणी आलं होतं, गोसेखुर्द धरणाची तेहतीसही दारं उघडली तरी गावात कमरेएवढं. माय तेव्हा दोन रात्री शाळेच्या गच्चीवर होती. म्हणून ती समुद्राकडं भक्तीनं पाहत नव्हती. हे पाणी कधी उतरणार, याचा ती अंदाज घेत होती.

तिथंच वाळूवर कुरसुरा ही पाणबुडी उभी आहे. १९६९ साली नौदलात आली, २००१ साली निवृत्त झाली, २००२ पासून लोकांना पाहायला खुली. आत गेलो की लोखंडी नळ्या, चाकं आणि इतक्या अरुंद झोपायच्या फळ्या की भाऊजींचं पोट अडलं. इथल्या पाण्यात उतरू नका असे फलक आहेत, आत ओढ फार आहे. आम्ही घोट्याएवढ्यातच उभे होतो, तरी एका लाटेनं गुरुजींची एक चप्पल नेली. त्यांनी दुसरी हातात घेऊन क्षणभर विचार केला आणि तीही तिच्यामागं फेकली. "एकटीनं काय करावं तिनं?" म्हणाले.

शुक्रवार

पहाटे साडेपाचला मायनंच उठवलं. पूर्वेचा किनारा असल्यानं सूर्य समुद्रातून निघतो. आमच्याकडं तो पळसाच्या मागून, विजेच्या खांबाआडून निघतो, कधी नीट गोल दिसत नाही. इथं आधी पाण्यावर एक तांबडी रेघ आली, मग काठ, मग सगळा. माय म्हणाली, "ओलाच निघते व बाई." सूर्य ओला! हे मला कधी सुचलं नसतं.

मग भीमिलीच्या रस्त्याला लागलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये रस्ता. ऊन असं की जानेवारीतही डोक्याला शेला बांधावा लागला. ऋषिकोंडाचा किनारा देखणा आहे, स्वच्छ आहे, लोकही फार होते. चहा घेतला आणि निघालो.

तोटलाकोंडा. दिवसभरात दुसरं काही नसतं पाहिलं तरी चाललं असतं. समुद्रसपाटीपासून १२८ मीटर उंच डोंगर, वर सपाटी आणि तिच्यावर विटांचा विहार, स्तूप, भिक्खूंच्या राहायच्या खोल्यांच्या ओळी, जेवणाची जागा. भिंती आता गुडघ्याएवढ्या. नौदल तळासाठी विमानातून पाहणी करत असताना ही जागा ध्यानात आली, आणि १९८८ ते १९९३ या काळात आंध्र प्रदेशच्या पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं. इसवी सनाआधी दुसऱ्या शतकापासून पुढं काही शतकं इथं हीनयान पंथाचे भिक्खू राहत. सातवाहनांची शिशाची नाणी सापडली आणि रोमची चांदीची नाणीही. म्हणजे खाली समुद्रात तेव्हा जहाजं होती आणि वर डोंगरावर माणसं शांत बसलेली.

नावाचा अर्थ तिथल्या पहारेकऱ्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितला. तोट्टी म्हणजे पाण्याचं टाकं, कोंडा म्हणजे डोंगर. खडक कोरून केलेली टाकी जागोजाग आहेत. पावसाचं पाणी उतारानं त्यात यायचं आणि वर्षभर पुरायचं. भाऊजी एका टाक्याच्या कडेला उकिडवे बसले, आत वाकून पाहिलं, आणि पाणी कुठून आत यायचं, गाळ कुठं बसायचा, भांडं कुठून बुडवायचं हे सगळं बोटानं दाखवलं. फलकावर यातलं काही लिहिलेलं नव्हतं. तलावावर वाढलेला माणूस, त्याला पाण्याची वाट कळतेच. "बोडीच होय ही," म्हणाले, "दगडाची."

गुरुजी मात्र गप्प होते. मोठ्या स्तूपाच्या चौथऱ्याजवळ अनवाणी उभं राहून त्यांनी त्रिशरण म्हटलं, अगदी हळू. मग विटेवर हात ठेवला. वीट रुंद, चपटी, आजच्या विटेच्या दुप्पट. मला ती ओळखीची वाटली आणि मी बोललोही, "गुरुजी, आपल्या गोठ्याच्या पायरीत अशीच आहे."

ते वळले. "अरे, तेच तर तीस वर्षं सांगतोय मी!"

पवनीला १९६९-७० साली खोदकाम झालं, जगन्नाथ टेकडीखाली स्तूप निघाला, ब्राह्मी अक्षरं कोरलेले दगडी कठडे निघाले. हे मी परीक्षेत लिहिलं आहे, गुणही मिळवले आहेत. पण पवनीच्या परकोटाजवळून शंभरदा गेलो असेन, ते बाजाराला आणि बँकेला. खंदकात म्हशी बसलेल्या असतात, त्यांच्याकडं पाहत. गोठ्याची पायरी कुणी, कुठून आणून बसवली ते आजोबांनाच माहीत. गुरुजी म्हणाले, घरी गेलो की आधी ती पायरी पाहायला येतो. गोठ्यात शेण असतं असं मी म्हटलं, तर माझ्याकडं असं पाहिलं की मी चौथीत गेलो.

जवळच बाविकोंडा आहे, तिथंही असाच विहार. बावी म्हणजे विहीर. दोन्ही डोंगरांची नावं पाण्यावरून पडली आहेत, देवावरून नाहीत. तिथं अस्थी ठेवलेला करंडक सापडला होता. माय हे ऐकून थोडी थांबली, "राख ठेवून देत होते का गा?" तिनं विचारलं. गुरुजी हो म्हणाले. "आपन तर सोडून देतो," ती म्हणाली.

पुढं एर्रा मट्टी दिब्बलू, म्हणजे तांबड्या वाळूचे ढिगारे. समुद्राच्या कडेला लालभडक माती, पावसानं कापून घळी झालेल्या. पाय ठेवला की भुसभुशीत. वीस मिनिटांत परतलो, सावली नव्हती.

भीमुनिपट्टणम, लोक भीमिली म्हणतात. गोस्थनी नदी इथं समुद्राला मिळते. डच व्यापारी इथं होते, त्यांच्या थडग्यांचे उंच निमुळते दगड अजून उभे आहेत. नगरपालिका १८६१ ची, देशातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी एक. पण आमचा वेळ गेला तो होड्यांपाशी.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. बाया टोपल्या घेऊन वाळूत बसलेल्या, भाव चाललेला, कावळे वर. भाऊजी सरळ एका म्हाताऱ्या कोळ्याजवळ गेले. ह्याला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही. भाऊजींनी त्याच्या जाळ्याच्या एका डोळ्यात दोन बोटं घातली आणि भुवया उडवल्या. म्हाताऱ्यानं मान हलवली, दुसरं जाळं ओढलं, त्यात चार बोटं बसली. मग भाऊजींनी हवेतच फेकजाळं टाकून दाखवलं, खांद्यावर घेऊन, दाताखाली दोरी धरून, अर्धा फेर घेऊन. म्हातारा खूश झाला. त्यानं स्वतःची रीत दाखवली, दात नाहीत म्हणून कोपराला गुंडाळून. अर्धा तास हे चाललं. शेवटी त्यानं बांगड्याएवढे सहा मासे पानात बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. रस्त्याकडेच्या खानावळीत ते तळून घेतले. चिंचेच्या कालवणाचे, म्हणजे चेपल पुलुसूचे, वेगळे मागवले. तिखट आमच्या सावजीच्या तोडीचं. मायनं भात दोनदा घेतला.

शनिवार

अनकापल्लीजवळ संकरम गावाला बोज्जनकोंडा आहे, सबंध डोंगर कोरून केलेले छोटे-मोठे स्तूप. पायऱ्या उंच. माय खाली बसली, गुरुजी वर गेले ते दीड तास आलेच नाहीत. अनकापल्लीची गुळाची बाजारपेठ देशातल्या मोठ्या पेठांत मोजतात. तिथून दोन किलो गूळ घेतला, आणि संध्याकाळच्या गाडीनं राजमहेंद्री. रात्री अंधारात गोदावरी काही दिसली नाही. माय जागी होती.

रविवार

सकाळी धवळेश्वरम. इथं गोदावरीवर बंधारा आहे आणि इथून खाली ती गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांत वाटून जाते. पहिला बंधारा आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियरनं १८४७ ते १८५२ मध्ये बांधला. आता त्या जागी १७५ दारांचा नवा आहे. कॉटनचे पुतळे गावोगाव, घोड्यावर बसलेले. गाडीवाला त्याला 'कॉटन दोरा' म्हणत होता, दोरा म्हणजे साहेब, मालक. इंग्रजाचा पुतळा आणि त्याच्या गळ्यात ताजा झेंडूचा हार, असं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

माय कठड्याला धरून उभी. खाली पाणी संथ. गोसेखुर्दवरही ती अशीच उभी राहते. "हे आपलंच पानी होय ना?" मी म्हटलं, आपलंही आहे, नाशिकचंही आहे, बस्तरचंही आहे, सगळं एकत्र. ते उत्तर तिला आवडलं नाही.

तिथून आत्रेयपुरम. गाडीवाल्यानं आग्रहानं थांबवलं आणि बरं केलं. इथं तांदळाचा कागद करतात, त्याला पूतरेकुलू म्हणतात. एका घराच्या ओसरीत बाई चुलीपाशी बसली होती. चुलीवर मातीचं मडकं आडवं-उपडं, तोंडातून आत नारळाच्या सुक्या झावळ्यांचा जाळ. शेजारी भिजवून वाटलेल्या तांदळाचं पाणी, दुधाच्या सायीहून पातळ. पातळ कापडाची पट्टी तिनं त्या पाण्यात बुडवली, दोन्ही हातांनी ताणली आणि मडक्याच्या गरम पाठीवरून एकदाच ओढली. पाठ पांढरी झाली. डोळ्याची पापणी लवेपर्यंत कडा सुटल्या आणि तिनं सबंध पापुद्रा उचलून बाजूला ठेवला. त्याच्या आरपार तिच्या बांगड्या दिसत होत्या. मग त्यावर तूप आणि गुळाची पूड पसरून घडी. तोंडात घातला की आहे म्हणेपर्यंत नाही. मायनं आयुष्यभर तांदळाचे पापड, अनारसे, घावन केले आहेत. ती त्या बाईच्या मनगटाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मले नाही जमनार." मायच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढं दोन्ही बाजूंनी कालवे, नारळ आणि धान. त्यांचा उन्हाळी हंगाम, दाळवा, नुकताच रोवला होता. हिरवे पऱ्हे, सपाट बांध्या, धुऱ्यावर नारळ. झाड वेगळं, बाकी आमचंच गाव. आणि मग रस्त्यात एक पाटी आली, मारुटेरू.

मी गाडी थांबवायला लावली. कुणालाच कळेना काय झालं. पण धानवाल्याला कळेल. आम्ही दरवर्षी जे बियाणं आणतो ते १०१०, पिशवीवर लिहिलेलं असतं 'एमटीयू १०१०'. ही तीन इंग्रजी अक्षरं म्हणजे मारुटेरू हे मला कृषी सहायकानं कधीतरी सांगितलं होतं, पण ते गाव खरंच कुठं असेल असा विचार केला नव्हता. १९२५ पासून इथं धानाचं संशोधन केंद्र आहे. स्वर्णा हे वाण, म्हणजे ७०२९, तेही इथलंच, १९८२ चं. त्याच्या आईबापांपैकी एका वाणाचं नाव वसिष्ठा. १०१० आलं २००० साली, आणि त्याचं इथलं नाव कॉटनदोरा सन्नालू. सकाळी हार घातलेला जो घोडेस्वार पाहिला, त्याच्या नावाचं धान आम्ही वीस वर्षं खातोय आणि आम्हाला पत्ता नाही!

रविवार होता. फाटक बंद. आतून पहारेकऱ्यानं उद्या या असा हात केला. आम्ही चौघं फाटकाच्या गजाला धरून आतल्या बांध्या पाहत राहिलो, जनावरांच्या बाजारात पाहावं तसं. सायकलवरून एक शेतकरी उतरला, लुंगीवाला, साठीचा. काय पाहता असं त्यानं हातानं विचारलं. मी पेनानं तळहातावर लिहिलं, १०१०, इंग्रजी आकड्यात. त्यानं वाचलं, माझ्याकडं बोट केलं, मी मान हलवली. त्यानं दोन्ही हात वर केले, किती होतं म्हणून. मी एकरी अठरा क्विंटल असं बोटांवर दाखवलं. तो हसला आणि त्यानं दाखवलेला आकडा मी इथं लिहीत नाही. आमच्या गावात विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवला तर मलाच विचारतील की मग तुझं का नाही होत.

पाणी आमच्याकडून खाली येतं आणि बियाणं इथून वर जातं, असं मी गुरुजींना म्हटलं. ते म्हणाले, भाडं कोण देतं ते पाहा.

रात्री नरसापूर. भाऊजींनी पुलस मासा मागितला. पुलस म्हणजे समुद्रातून गोदावरीत चढणारी हिलसा. मंगळसूत्र विकावं पण पुलस खावा, अशी इथं म्हणच आहे. खानावळवाल्यानं कपाळाला हात लावला. तो पावसाळ्यात चढतो, पुराच्या पाण्यात. म्हणजे आमची दारं उघडतात तेव्हा. भाऊजी कोळंबीवर समाधानी झाले नाहीत.

सोमवार

सकाळी वसिष्ठा ओलांडली. नरसापूरच्या धक्क्यावरून पंटु सुटतो, लोखंडी सपाट बोट, तिच्यावर मोटारसायकली, दुधाचे कॅन, एक नवरी आणि आम्ही. पलीकडं सखिनेटिपल्ली, तिथून रिक्षानं अंतर्वेदी. लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ आहे, दर्शन घेतलं. २०२० साली इथला जुना लाकडी रथ जळाला, पुढच्या वर्षी नवा केला, तो पाहिला. मायचं लक्ष नव्हतं.

देवळापासून पुढं वाळू. जिथं नदी समुद्राला मिळते त्या जागेला अन्नाचेल्लेल्ल गट्टू म्हणतात, भावाबहिणीचा काठ. एकीकडं लाटा उठत होत्या, दुसरीकडं पाणी सपाट, आणि मध्ये एक वळवळती फेसाची रेघ, कधी इकडं कधी तिकडं. ऊन पाण्यावरून डोळ्यात येत होतं.

माय पाण्यात उतरली. मी फुलं आणली होती, ती तशीच माझ्या हातात. तिनं ओंजळ भरली, तोंडाला लावली आणि थुंकली.

"खारं आहे."

"समुद्र आहे माय."

"नदीकडचं पाहू."

ती सपाट पाण्याच्या बाजूनं वर चालू लागली. वीस-तीस पावलं गेली, वाकली, चाखलं, थुंकलं. पुन्हा चालली. आम्ही मागं. भाऊजी मला म्हणाले की सांग तिला, भरतीचं पाणी नदीत लांबवर चढतं, उन्हाळ्याकडं आणखी चढतं. मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि चालत राहिली. अशी एक किलोमीटर तरी गेली असेल, सहा-सात ठिकाणी थांबून. प्रत्येक वेळी तेच. शेवटी एका उलट्या होडीच्या सावलीत बसली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडून फुलं घेऊन तिथंच सोडली. फुलं समुद्राकडं गेली नाहीत. भरती होती, ती हळूहळू वर, आमच्या गावाच्या दिशेनं निघाली. मायनं त्यांच्याकडं पाहिलं. "परत चालले पाय तुझे बाबा," म्हणाली आणि हसली. मग गुळाचा खडा मागितला.

परतीच्या पंटुवर ती कडेला बसली. मधल्या धारेत आलो तेव्हा वाकून हात बुडवला आणि बोटं चाटली.

"अठी थोडकं कमी आहे," ती म्हणाली.

नरसापूरहून विजयवाड्याची गाडी दुपारी. तिथून बल्लारशाकडं रात्रीची.